परक्या शहरात पायी



परदेशच्या प्रवासावर व्याख्यान म्हटले की श्रोत्यांच्या मनात दोन शंका येतात. एक, हा गृहस्थ विमानातल्या जेवणापासून आरंभ करणार. आणि दुसरी, शेवटी आपल्याच गावाला नावे ठेवून खाली बसणार. पहिली शंका मी येथेच दूर करतो. दुसरीचे काय करावयाचे ते शेवटी पाहू.

माझी लेक युरोपात शिकावयास होती. २०२४ च्या एप्रिलात मी तिला भेटावयास गेलो. तिची परीक्षा आली, तेव्हा तिने मला चार दिवसांसाठी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरी एकट्यालाच पाठविले. राहण्याची सोय केली होती. वरखर्चाला रोजचे वीस युरो, म्हणजे त्या वेळचे अठराशे रुपये. मैंदर्गीत हा आकडा ऐकून तुम्हांला मी श्रीमंत वाटेन. तेथे एका बऱ्यापैकी जेवणातच तो संपतो.

पहिल्या संध्याकाळीच मी शिकलो. एका दुकानात खुर्चीवर ऐटीत बसून कॉफी घेतली. शेजारचे लोक उभ्याउभ्याच पेला रिकामा करून जात होते. मला त्यांच्या घाईची गंमत वाटली. बिल आले तेव्हा गंमत कळली. उभ्याची कॉफी दीड युरो, बसल्याची साडेचार! खुर्चीचे भाडे कॉफीच्या दुप्पट. दुसऱ्या दिवसापासून मीही उभा राहू लागलो, आणि नवल असे की, उभे राहिल्यावर लोक माझ्याशी बोलू लागले. बसलेला तो पाहुणा, उभा तो गावचा.

भाषेची अडचण फारशी वाटली नाही. तुम्हीआम्ही सीमेवरची माणसे. एका कानाने मराठी, दुसऱ्याने कानडी ऐकत वाढलो. शब्द कळला नाही म्हणून आपण घाबरत नाही, समोरच्याच्या तोंडाकडे पाहतो. तेथेही तेच केले. पाव घेतला तर तो अळणी. प्रथम वाटले, बिघडला असावा. मागून कळले, त्या प्रांताचा पाव पूर्वापार बिनमिठाचाच असतो. मग मला आपली ज्वारीची भाकरी आठवली. तिच्यात तरी आपण मीठ कोठे घालतो? मीठ कालवणात असते. पिशवीत घरची शेंगाचटणी होती. तिच्याबरोबर तो पाव असा गोड लागला, की दोन दिवस माझे जेवण त्यावरच झाले.

आता पाहिले काय ते सांगतो. शहराच्या मधोमध मोठे देवालय आहे आणि त्यावर ब्रुनेलेस्की नावाच्या कारागिराने उभारलेला विटांचा घुमट. तुमच्यापैकी बहुतेकांनी विजापूरचा गोलघुमट पाहिला असेल. त्याचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर. याचा सुमारे ४५. १४२० साली काम सुरू झाले आणि १४३६ साली पुरे झाले. एवढ्या रुंदीवर घुमट चढविताना जमिनीपासून आधाराचा लाकडी सांगाडा म्हणून उभारला नाही. विटांची रचनाच अशी केली, की प्रत्येक थराने पुढच्या थराला तोलून धरावे. वर चढावयास तिकीट होते. मी चढलो नाही. पण त्याच्या भोवती चार वेळा फिरलो, आणि त्याला पैसे पडले नाहीत.

डेव्हिडच्या प्रसिद्ध मूर्तीचेही तसेच. अस्सल मूर्ती १८७३ पासून संग्रहालयात आहे, तिला तिकीट. चौकात १९१० पासून तिची नक्कल उभी आहे, ती फुकट. मी नकलेवर समाधान मानले. मात्र त्याच चौकाच्या कडेला, उघड्या मंडपात, चेल्लिनीचा ब्राँझचा पर्सियस उभा आहे. तो १५५४ पासून तेथेच आहे आणि अस्सल आहे. जवळच सार्वजनिक नळ. त्याचे थंड पाणी बाटलीत भरून घ्यावे आणि त्या मूर्तीपुढे हवा तितका वेळ बसावे. पैसे थोडे असले की माणूस थोडे पाहतो, पण पुष्कळ वेळ पाहतो.

तिसऱ्या दिवशी आर्नो नदीच्या काठाने पश्चिमेकडे निघालो. तेथे लांबलचक उपवन आहे. त्याचे नाव ऐकून मी दचकलो. ते लोक त्याला ‘काशीने’ म्हणतात! त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ गाईगुरांचे गोठे. आपल्या काशीशी संबंध काही नाही. परंतु मी ज्यासाठी चाललो होतो, त्यामुळे ते नाव कानाला निराळेच लागले.

इतिहासाचा शिक्षक म्हणून वाचलेले होते. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली युरोपच्या प्रवासाला गेले. वय अवघे वीस. इंग्लंड पाहून परतताना फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले, आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी तेथेच वारले. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज त्यांच्याच नावाचे. प्रवासात ते रोजनिशी लिहीत. ती १८७२ साली लंडनमध्ये छापली गेली. लिहिणाऱ्याने ती पाहिली नाही.

बरोबरच्या मंडळींची त्या दिवशी काय अवस्था झाली असेल! परका देश, परका धर्म. प्रेत जाळण्याची रीत तेथे नव्हती. तरी परवानगी मिळाली. आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर, आपल्या विधीने दहन झाले.

वाटेत एका म्हाताऱ्याला मी विचारले, “इन्दियानो?” त्याने आधी माझ्याकडे बोट दाखविले, मग नदीकडे, आणि हसला. त्या भागाचे नावच ‘इन्दियानो’ पडले आहे. १९७८ साली जवळ बांधलेल्या पुलालाही तेच नाव आहे. झाडांतून पुढे गेलो, तर आपल्याकडच्या धर्तीची छत्री, आणि तिच्याखाली रंगविलेला, फेटा बांधलेला तरुण मुखडा. १८७४ सालचे हे स्मारक. कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्या मेजर मँटने आखला, त्यानेच या छत्रीची आखणी केली. मी पायांतले जोडे काढले. किती वेळ उभा होतो, आठवत नाही.

परतताना एकच विचार मनात घोळत होता. राजाजवळ पैसा होता, नोकरचाकर होते. माझ्याजवळ वीस युरो. पण परक्या गावात दोघांनाही जे लागले ते विकत मिळणारे नव्हते. त्यांना विधीपुरती नदीकाठची जागा, मला घोटभर पाणी, टेकावयास पायरी आणि वाट दाखविणारे एक बोट. शहराची थोरवी त्याच्या घुमटावरून दिसते खरी. परंतु ते शहर कसे आहे, हे तेथे अडलेल्या परक्या माणसालाच कळते.

आता दुसरी शंका. गावाला मी नावे ठेवणार नाही. एवढेच सुचवितो. उद्या सकाळी घरातून निघा, खिशात पैसे घेऊ नका, आणि या मैंदर्गीत आपण आजच प्रथम उतरलो आहो असे समजून तासभर पायी हिंडा. कोणी ‘पाणी’ म्हटले काय आणि ‘नीरु’ म्हटले काय, ते कोठे मिळते पाहा. बसावयास सावली कोठे आहे, वाटेची पाटी कोणाला वाचता येईल, आणि देव न करो, येथे एखादा परका माणूस वारला, तर त्याच्या रीतीप्रमाणे त्याला निरोप द्यावयास कोण पुढे येईल, याचाही विचार करा. जे आढळेल ते पुढच्या वर्षी याच व्यासपीठावरून तुमच्यापैकी कोणी तरी सांगावे. मी ऐकावयास समोर बसेन.