वर्षभराच्या चित्रकथा



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा पाडली, तेव्हा पुढेमागे चिंचपोकळीत कोणी गृहस्थ व्यासपीठावर उभा राहून कॉमिक्सवर बोलेल अशी कल्पना त्यांना आली नसेल. आली असती तर त्यांनी काय केले असते, हा तर्क मी आपल्यावर सोपवतो. चालकांनी विषय फलकावर लिहिला तेव्हा आपल्यापैकी दोघातिघांनी मला वाटेत गाठून विचारले, "मास्तर, हे मुलांसाठी आहे का?" मी म्हटले, मुलांना कोणी मज्जाव केलेला नाही, पण मी बोलणार आहे ते तुमच्यासाठी.

मागच्या पाडव्यापासून ह्या पाडव्यापर्यंत मी जी चित्रकथांची पुस्तके वाचली, त्यांपैकी मनात राहिलेल्या काहींविषयी बोलावे एवढाच माझा मानस आहे. 'कॉमिक' ह्या शब्दाने उगाच हसण्याची अपेक्षा उत्पन्न होते. आपला 'चित्रकथा' हा शब्द त्याहून बरा आहे, आणि तो आजचा नाही. आपल्या भागात कुडाळ-सावंतवाडीकडची माणसे पुष्कळ. त्यांना पिंगुळी गाव ठाऊक असेलच. तेथील ठाकर समाजातील चित्रकथी मंडळी दोन चित्रे पाठीला पाठ चिकटवून एकेक पान करतात, अशा पानांच्या संचाला पोथी म्हणतात, आणि पान उलटत, वीणा-हुडुक वाजवीत रामायण-महाभारतातील कथा गाऊन सांगतात. परशुराम गंगावणे ह्यांना ह्या कलेसाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्र दाखवून गोष्ट सांगणे ही परदेशातून आलेली खोड आहे, असे म्हणणाऱ्याने एकदा पिंगुळीला जाऊन यावे. गणपतीला गावी जाताच, वाकडी वाटही करावी लागणार नाही.

पण चित्रकथेने मुले बिघडतात ही समजूत मात्र साऱ्या जगात आहे. अमेरिकेत १९५४ साली फ्रेडरिक वर्थम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने ह्या पुस्तकांवर असा काही हल्ला चढवला की सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या आणि प्रकाशकांनी घाबरून स्वतःच स्वतःसाठी एक आचारसंहिता केली. भुते, रक्त, भ्रष्ट पोलीस, सगळ्यांवर बंदी. आपल्याकडे एवढा गाजावाजा झाला नाही; आईने अंक माळ्यावर टाकला की काम भागत असे.

तो अंक बहुधा इंद्रजालचा असे. टाइम्स ऑफ इंडियाने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले, ते १९९० पर्यंत चालले. त्यांतला वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, हा मूळचा ली फॉक ह्या अमेरिकन लेखकाचा. मूळ कथेत त्याच्या बापाचा खुनी 'रामा' आणि चाचे 'सिंग' होते. भारतात ही नावे चालण्यासारखी नव्हती, म्हणून रामाचा 'रामालू' झाला, सिंगांचे 'सिंगा' झाले आणि बंगालची आठवण देणारा मुलूख 'डेंकाली' झाला. एका अक्षराने किती भानगडी टळतात, हे संपादकीय खात्यात काम केलेल्याला सांगावयास नको. ह्या वर्षी रद्दीवाल्याकडून मी त्यांतले काही अंक आणून पुन्हा वाचले. खरे सांगतो, वेताळ आता वाचवत नाही. जंगलातली सारी माणसे भाबडी आणि त्यांचा तारणहार तेवढा गोरा, हे दहाव्या वर्षी खटकत नव्हते, ते आता पानोपानी खटकते. त्यापेक्षा 'बहादुर' बरा वाटला. दरोडेखोराचा मुलगा, केशरी कुडता आणि जीन घालणारा, गावकऱ्यांचे नागरिक सुरक्षा दल उभे करणारा. १९७६ साली तो निर्माण केला आबिद सुरती ह्यांनी. सुरतींचे बालपण डोंगरीचे. महायुद्धाच्या काळात गोदीकडून येणाऱ्या गाडीतून गोरे सोल्जर खाऊ आणि वाचून झालेली चित्रपुस्तके बाहेर फेकीत, आणि पोरे त्यांवर तुटून पडत. त्या झोंबाझोंबीत ह्या मुलाच्या हाती मिकी माऊसचा एक तुकडा लागला आणि तो पाहून पाहून त्याने चित्रे गिरवायला सुरुवात केली, असे ते स्वतः सांगत आले आहेत. दुसऱ्याच्या हातातून फाटून आलेल्या कागदावर मुंबईच्या पोराचे शिक्षण झाले. आपल्याकडची बरीच शिक्षणे अशीच झालेली आहेत.

अमर चित्र कथेविषयी मात्र मला थोडे सावकाश बोलले पाहिजे, कारण ह्या सभागृहात ती न वाचलेला मनुष्य सापडणे कठीण. अनंत पै हे इंद्रजालच्या कामात होते. १९६७ साली दूरदर्शनवरील एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवदेवता ठाऊक निघाल्या, पण रामाच्या आईचे नाव सांगता येईना, हे त्यांनी पाहिले आणि त्यातून ही माला निघाली, ही कथा प्रसिद्धच आहे. पहिले दहा अंक परदेशी परीकथांचे होते; अकरावा 'कृष्ण', आणि त्याची चित्रे राम वाईरकरांची. पुढे प्रताप मुळीक, दिलीप कदम अशी आपली माणसे ह्या मालेत वर्षानुवर्षे राबली. पुष्कळांच्या मनातला शिवाजी, पुष्कळांच्या मनातला कर्ण हा ह्या चित्रकारांच्या कुंचल्यातून उतरलेला आहे, आणि त्यांची नावे मात्र कोणी विचारीत नाही. 'सुप्पंडी' वाचून पोट धरधरून हसणाऱ्या किती जणांना तोही वाईरकरांनीच काढला हे ठाऊक आहे? ह्या मालेत देव गोरे आणि राक्षस काळे, हा आक्षेप जुना आहे आणि तो बरोबर आहे. तरीही ह्या अंकांनी जे वाचनाचे वेड लावले ते मला नाकारता येत नाही.

आता गेल्या वर्षातल्या माझ्या खऱ्या वाचनाकडे वळतो. योगायोगाने मी एकाच माणसाच्या आयुष्यावरील दोन चित्रकथा एका आठवड्यात वाचल्या. मनुष्य आपल्या शेजारचाच. येथून अर्ध्या तासाच्या चालीवर परळच्या बी.आय.टी. चाळीत बाबासाहेब आंबेडकर वीसएक वर्षे राहिले. त्यांच्यावरचा अमर चित्र कथेचा अंक १९७९ सालचा, लेखन एस. एस. रेगे ह्यांचे, चित्रे दिलीप कदमांची. दुसरे पुस्तक 'भीमायन', २०११ साली नवयान प्रकाशनाने काढलेले. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद ह्यांचा, चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम ह्या परधान गोंड दांपत्याची.

कदमांची चित्रे नेटकी आहेत. चौकोनामागून चौकोन येतो, चेहरा ओळखू येतो, कोट आणि चष्मा जागच्या जागी. तीसएक पानांत एक आयुष्य बसवायचे म्हणजे धावावे लागते, तसा तो अंक धावतो. दहा वर्षांच्या मुलाच्या हाती मी आजही तो देईन.

'भीमायन' उघडले तेव्हा पहिली पाच मिनिटे मी गोंधळलो. चौकटीच नाहीत! गोंडांच्या घरच्या भिंतींवर आणि जमिनीवर 'दिगना' नावाची वळणदार नक्षी काढतात. त्या नक्षीनेच पान विभागलेले. माणसांना चौकोनात कोंडायचे नाही, त्यांना मोकळी हवा लागते, ही चित्रकारांची भूमिका. पण मला खिळवून ठेवले ते बोलण्याच्या फुग्यांनी. आपण जाणता की चित्रकथेत पात्राच्या तोंडातून फुगा निघतो आणि त्यात वाक्य असते. व्यामांनी साध्या, सरळ बोलण्याला पक्ष्याचा आकार दिला. आणि ज्या बोलण्यात विष आहे त्याला विंचवाच्या नांगीची शेपटी लावली. मनातल्या विचारांच्या फुग्याला एक डोळा. बस्स, एवढेच. पण त्यामुळे होते काय, की वाक्य वाचण्याच्या आधीच ते कसे लागणार आहे हे कळते. साताऱ्याकडून बापाला भेटायला निघालेली मुले मसूर स्टेशनावर उतरतात, जात कळताच गाडीवान त्यांना गाडीत घ्यायला तयार होत नाही, अखेर दुप्पट भाडे घेतो आणि गाडी मुलांनीच हाकावी असे ठरते. बडोद्यात पारशी धर्मशाळेतून काठ्या घेतलेली माणसे त्यांना बाहेर काढतात. चाळीसगावला टांगेवाला टांगा हाकायला नकार देतो, म्हणून वस्तीतलाच एक नवशिका लगाम हाती घेतो आणि अपघात होतो. हे प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेले आहेत. मी ते पूर्वी वाचले होते. वाचताना वाईट वाटले होते. पण त्या नांगीच्या फुग्यात 'जात कोणती?' हा प्रश्न पाहिल्यावर मी पुस्तक काही वेळ मिटून ठेवले. हे पुस्तक भूतकाळात थांबतही नाही. आपल्या काळातल्या एका बसथांब्यावर राखीव जागांवरून तक्रार करणारा तरुण आणि त्याला उत्तर देणारी स्त्री, ह्यांच्या संभाषणातून सारी कथा उलगडते, आणि मधूनमधून अलीकडच्या वर्तमानपत्रांतील बातम्या येतात.

त्याच वर्षी त्याच प्रकाशनाने जोतीराव फुल्यांवर 'अ गार्डनर इन द वेस्टलँड' हे पुस्तक काढले. लेखन पुन्हा नटराजन ह्यांचेच, चित्रे अपराजिता निनान ह्यांची, काळ्या-पांढऱ्यात. आधार १८७३ च्या 'गुलामगिरी'चा. मूळ ग्रंथ जोतीराव आणि धोंडीबा ह्यांच्या संवादाच्या रूपात आहे, म्हणजे फुगे काढायला तयारच! अमेरिकेतील गुलामी नष्ट करणाऱ्या सज्जनांना तो अर्पण केलेला असल्यामुळे चित्रांतून अमेरिकाही सहज येते. चित्रे 'भीमायन'च्या तोडीची नाहीत. काही पाने नुसती भाषण करतात. एक गोष्ट मात्र मला त्यात हवी होती. जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, आणि पुढे १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली. आज रविवार आहे म्हणून आपण येथे जमलो आहोत.

ओरिजीत सेन ह्यांचे 'रिव्हर ऑफ स्टोरीज' १९९४ चे, नर्मदेवरील धरण आणि आदिवासी ह्यांवरचे. २०२२ साली ते पुन्हा छापले गेले म्हणून मला मिळाले. आपल्या नंदुरबारकडची माणसे ज्या पाण्याखाली गेली त्या पाण्याची ही कथा. त्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हावे, मी केवळ नाव सांगून पुढे जातो, कारण शेवटच्या पुस्तकासाठी मला वेळ राखून ठेवायचा आहे.

ते आर्ट स्पीगेलमन ह्यांचे 'माऊस'. दोन भाग, १९८६ आणि १९९१. १९९२ साली त्याला पुलित्झरचे विशेष पारितोषिक मिळाले. लेखकाचा बाप व्लाडेक हा पोलंडमधला ज्यू, आउश्वित्झच्या छळछावणीतून जिवंत सुटलेला. चित्रांत ज्यू उंदीर, जर्मन मांजरे. हे ऐकून पोरखेळ वाटेल. वाचून तसे वाटणार नाही. पण मला छावणीइतकेच धरून ठेवले ते दुसऱ्याच गोष्टीने. मुलगा न्यूयॉर्कमध्ये म्हाताऱ्या बापाच्या घरी जातो, टेपरेकॉर्डर लावतो आणि विचारतो, मग पुढे काय झाले? बाप चिक्कू आहे, कटकट्या आहे, मध्येच औषधाच्या गोळ्या मोजतो, दुसऱ्या बायकोची तक्रार करतो, आणि सांगता सांगता अंगावर काटा आणणारे काहीतरी बोलून जातो. मुलाला आईच्या रोजनिश्या हव्या असतात. आई तर गेलेली. आणि एक दिवस बाप कबूल करतो की त्या वह्या मीच जाळून टाकल्या.

मंडळी, ह्या पानावर आलो आणि मला आपल्या चाळी आठवल्या. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख माणसे गिरण्यांतून बाहेर पडली. त्या दिवशी विशीत असलेला बदली कामगार आज पंचाहत्तरीकडे झुकला आहे. साचा कसा चालतो, तिसऱ्या पाळीत डोळा लागला तर काय होते, खानावळीचे बिल संपात किती महिने थकले आणि खानावळवालीने काय केले, मुलगा गावी कधी पाठवला, हे तो सांगू शकतो. काही जण सांगतात, काही उठून बाल्कनीत जातात. आणि चाळ पाडून टॉवर होतो तेव्हा तिसाव्या मजल्यावर पत्र्याची ट्रंक कोणी नेत नाही. तिच्यात गेटपास असतो, युनियनची पावती असते, खात्यातल्या सोबत्यांबरोबरचा एक फोटो असतो. व्लाडेकने वह्या निदान दुःखाने जाळल्या. आपण ट्रंक रद्दीवाल्याला किलोवर देतो.

ह्या माणसांवर कविता झाल्या, नाटके झाली, सिनेमे निघाले, संशोधकांनी मुलाखतींचे ग्रंथ केले. पण माझ्या कपाटात ज्या कप्प्यात त्यांची चित्रकथा असावयास हवी, तो कप्पा रिकामा आहे. ग्रंथाला माझा विरोध नाही. परंतु साच्याचा धोटा कसा धावतो हे शब्दांत सांगायला मला दहा ओळी लागतील, आणि तरीही आयटी कंपनीत काम करणाऱ्या नातवाला काही दिसणार नाही. चांगला चित्रकार ते एका पानात दाखवील. जे. जे. कलाशाळा येथून किती दूर आहे? आपल्या मंडपांत दरवर्षी जी पोरे एवढाले देखावे उभे करतात, त्यांच्या हातात कमी कौशल्य आहे का? आजोबा आहेत, नातू आहे, आणि टेपरेकॉर्डर तर आता प्रत्येकाच्या खिशात आहे. राहता राहिला प्रश्न विचारण्याचा, मग पुढे काय झाले?

एका वाचनालयाच्या समितीपुढे मी मागे असा प्रस्ताव ठेवला की, चित्रकथांसाठी एक कपाट वेगळे ठेवावे आणि त्यात परिसरातील मुलांनी काढलेल्या वह्याही ठेवाव्यात. उत्तर मिळाले की ही पुस्तके महाग असतात, लवकर फाटतात, आणि सभासद वर्गणी भरतात ती गंभीर वाचनासाठी. महाग असतात हे खरे आहे. फाटतात हेही खरे, पण पुस्तक वाचले गेल्याशिवाय फाटत नाही. तिसऱ्या मुद्द्यावर मी उत्तर दिले नाही. 'भीमायन'ची प्रत टेबलावर ठेवून आलो. ती प्रत महिनाभर समितीच्या सभासदांतच फिरत होती, असे ग्रंथपालांकडून कळले. कपाटाचा निर्णय मात्र पुढील बैठकीवर आहे.

आज जी जी पुस्तके मी सांगितली ती तिकडे खिडकीपाशी लांब टेबलावर मांडून ठेवली आहेत. चहाच्या वेळी अवश्य चाळावीत, हात पुसून. बाजूला एक कोरी वही आहे. ज्यांच्या घरी गिरणीत काम केलेली व्यक्ती आहे आणि बोलायला तयार आहे, त्यांनी तीत चाळीचे नाव आणि गिरणीचे नाव लिहावे. चित्रे काढणारी चार मुले मागच्या बाकावर बसलेली आहेत, ती येत्या रविवारपासून घरोघर यायला तयार आहेत.