माणूस ताऱ्यावर जाईल काय?



आज एका फार लांबच्या प्रवासाविषयी बोलायचे आहे. माणूस चंद्रावर जाऊन आला. मग तो ताऱ्यावर जाईल काय? याचे उत्तर हिशेबात आहे. चला, हिशेब करू.

चंद्र आपल्यापासून सुमारे 3,84,000 किलोमीटर दूर आहे. समजा, एसटी ताशी 60 किलोमीटर वेगाने रात्रंदिवस धावली. तरी तिला चंद्रापर्यंत जायला जवळजवळ नऊ महिने लागतील. 1969 साली माणसे यानात बसून निघाली आणि चार दिवसांत तिथे पोचली. सुखरूप परतही आली. त्याहून दूरच्या भूमीवर मात्र माणसाचे पाऊल अजून पडलेले नाही.

आता तारे पाहू. तारा म्हणजे एक सूर्यच. फार दूर आहे म्हणून टिकलीएवढा दिसतो. प्रकाश एका सेकंदात 3 लाख किलोमीटर धावतो. सूर्याचा उजेड आपल्या अंगणात यायला 8 मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. सूर्यानंतर सर्वांत जवळचा तारा आहे प्रॉक्सिमा. त्याचा उजेड यायला सव्वाचार वर्षे लागतात! कुठे आठ मिनिटे अन् कुठे सव्वाचार वर्षे!

1977 साली अमेरिकेने व्हॉयेजर-1 नावाचे यान सोडले. त्यात माणूस नाही. ते सेकंदाला सुमारे 17 किलोमीटर जाते. या वेगाने प्रॉक्सिमाइतके अंतर कापायला सुमारे 75,000 वर्षे लागतील. पंचवीस वर्षांची एक पिढी धरा. पाटीवर भागाकार करा. तीन हजार पिढ्या झाल्या!

कोणी म्हणेल, मग वेग वाढवा की! पण वेग दुप्पट करायचा तर शक्ती चौपट लागते. शिवाय पोचल्यावर थांबायलाही शक्ती हवीच. माणसांना इतक्या वेगाने नेईल असे यान आज कोणापाशीही नाही.

काही विचारवंत दुसरी वाट सुचवतात. यानातच एक गाव वसवायचे. तिथेच पिकवायचे, तिथेच खायचे. तेच पाणी शुद्ध करून पुन्हा पुन्हा प्यायचे. आजा निघेल आणि पणतूचा पणतू पोचेल. आंबा आजा लावतो, नातू खातो, तसेच हे. पण यात एक फरक आहे. नातवाला शेती नको असेल, तर तो गाव सोडून दुसरीकडे जाऊ शकतो. यानात जन्मलेले लेकरू कुठे उतरेल? त्याला विचारले कोणी? हा प्रश्न यंत्राचा नाही, न्यायाचा आहे. त्याचा विचार करायला शास्त्रज्ञच लागतो असे नाही. तो तुम्हीआम्हीही करू शकतो.

माणूस अजून इथेच आहे. त्याचा आवाज मात्र पुढे गेला आहे. व्हॉयेजरवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे. तिच्यात 55 भाषांत नमस्कार आहेत. त्यांत आपली मराठीही आहे. गोव्यात जन्मलेल्या केसरबाई केरकर यांचे भैरवीतले गाणेही आहे. 2012 साली ते यान सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडून पलीकडे गेले.

तेव्हा मंडळी, 'माणूस कधीच जाणार नाही' असे म्हणू नका. 'उद्याच जाईल' असेही म्हणू नका. आधी अंतर विचारा. वेग विचारा. मग भागाकार करा. आणि ज्याला न्यायचे, त्याची मर्जीही विचारा.