भाग १४ : अँटेना मोजू नका, कोअर बघा

मागच्या महिन्यात ताईचा ऑनलाइन इंटरव्ह्यू चालू होता आणि नेमका तेव्हाच माझ्या फोनने फोटोंचा बॅकअप सुरू केला. ताईचा आवाज तुटला, तिकडचे लोक "हॅलो, हॅलो" करत बसले. स्पीड टेस्ट मात्र एकदम झकास!

गडबड होती रांगेची. समजा अपलोड १० एमबीपीएस आहे आणि मोडेममध्ये १ एमबी डेटा साचलाय. मग मागून आलेलं आवाजाचं पॅकेट ८०० मिलीसेकंद ताटकळतं. यालाच बफरब्लोट म्हणतात.

उपाय म्हणजे ही रांग आपल्या ताब्यात घ्यायची. गेटवेवर लाइनच्या साधारण ९० टक्के स्पीड ठरवून द्यायचा. मग मोडेममध्ये काही साचतच नाही. रांग आपल्याकडे लागते आणि 'केक' प्रत्येकाला पाळीपाळीने सोडतो. हा केक २०१८ पासून लिनक्स कर्नलमध्येच आहे.

आता माझी चूक ऐका. मोठ्या अँटेनावाला राउटर आणला, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी टाकलं, केक चालू केला. ३०० ची लाइन १३० वर आली! कारण खोक्यावरचा स्पीड हार्डवेअर ऑफलोडचा असतो, त्यात पॅकेट सीपीयूला टाळून जातात. शेपिंगला मात्र प्रत्येक पॅकेट सीपीयूकडेच लागतं, आणि एका दिशेचं काम बहुतेक एकाच कोअरवर पडतं. म्हणून चार मंद कोअरपेक्षा एक तगडा कोअर कामाचा.

मग काय घ्यायचं? रास्पबेरी पाय ४ ला दम आहे, पण लॅन पोर्ट एकच. दुसरा यूएसबी ३ वर जोडावा लागतो. जुना डेस्कटॉप फुकट पडतो, पण ४० वॅटने चोवीस तास चालला तर महिन्याला जवळपास २९ युनिट जळतात. १० वॅटचा मिनी पीसी सातेक युनिटमध्ये भागवतो. मी दोन लॅन पोर्टवाला इंटेल एन१०० घेतला. राउटर आता फक्त वायफाय देतो.

पण थांबा, लगेच खरेदी नको! आधी मोठी फाइल अपलोडला लावा आणि पिंग बघा. वाढत नसेल तर पैसे वाचले. वाढत असेल तर आहे त्याच राउटरवर शेपिंग जमतंय का बघा. ५० ची लाइन असेल तर बहुतेक भागून जाईल. आणि वायफायच कमकुवत असेल, तर गेटवे काही करू शकत नाही.

ताईचा दुसरा राउंड परवा झाला. बॅकअप मी मुद्दाम चालू ठेवला होता. तिला अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका!