उत्क्रांतीचा धडा आणि आपली मुले

(आचरे येथे दिलेले व्याख्यान)



शाळेच्या पुस्तकातील एका धड्याविषयी मी आज आपणांशी बोलणार आहे. तो धडा उत्क्रांतीचा. त्याला परीक्षेत गुण किती, हा प्रश्न मुलांचा आहे. परंतु तो पुस्तकात राहतो की नाही, आणि राहिला तर मुलांना समजतो की नाही, हा प्रश्न आपणां आईबापांचा आहे.

मनुष्य कोठून आला, याचे एक उत्तर आपल्या पूर्वजांना पिढ्यान् पिढ्या ऐकविण्यात आले. विराट पुरुषाच्या मुखातून एक वर्ण निघाला, पायांतून दुसरा. म्हणून एक जन्मतः उच्च व दुसरा जन्मतः नीच! बाबासाहेबांनी १९४६ साली शूद्रांच्या उत्पत्तीवरील आपल्या ग्रंथात या पुरुषसूक्ताची कठोर चिकित्सा केली.

दुसरे उत्तर चार्ल्स डार्विन यांनी १८५९ साली जगापुढे मांडले. एकाच कुळातील जीव सर्वस्वी सारखे नसतात. भोवतालच्या परिस्थितीत ज्यांचा निभाव लागतो त्यांची संतती वाढते, आणि लक्षावधी वर्षांत नव्या प्रजाती उत्पन्न होतात. आजची सर्व माणसे एकाच प्रजातीची आहेत. सर्वांचे मूळ आफ्रिकेत आहे. मुखातून जन्मलेला येथे कोणी नाही, पायांतून जन्मलेलाही नाही.

पुराव्यासाठी दूर जावयास नको. ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलात निवटी पाहा. ती मासाच, पण परांच्या आधाराने चिखलावर चालते, आणि अंग ओले असेपर्यंत हवेतही श्वास घेते. ती आपली पूर्वज नव्हे. परंतु पाण्यातला जीव जमिनीवर कसा येऊ शकतो, याची कल्पना ती देते. आपल्या कण्याच्या टोकाला जे हाड आहे त्याला आपली भाषाच माकडहाड म्हणते!

असे असता २०१८ च्या जानेवारीत केंद्रातील तत्कालीन शिक्षण राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबाद येथे डार्विनचा सिद्धांत चुकीचा ठरविला. माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. आजच्या माकडाचा माणूस झाला, असे हे शास्त्र म्हणतच नाही. दोघांचे पूर्वज एक होते, असे म्हणते. देशातील तीन विज्ञान अकादमींनी संयुक्त पत्रक काढून मंत्र्यांचे म्हणणे खोडून काढले.

पुढे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने अभ्यासाचा भार हलका करण्याच्या नावाखाली दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग वगळला. २०२३ साली अठराशेंहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्र लिहिले. हा विषय बारावीच्या जीवशास्त्रात आहेच, असे उत्तर मिळाले. पण दहावीनंतर ज्याची शाळा सुटते, किंवा जो दुसऱ्या शाखेकडे वळतो, त्याने हा धडा कोठे वाचावा? महाराष्ट्र मंडळाच्या दहावीच्या २०१८ सालच्या पुस्तकात मात्र 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच पाठ होता. असा पाठ टिकविणे हे आपले काम आहे.

कोणी म्हणेल, उत्क्रांती म्हणजे बळी तो कान पिळी. ते खोटे आहे. निसर्गात काय घडते हे शास्त्र सांगते; माणसाने माणसाशी कसे वागावे हे नीती आणि राज्यघटना सांगतात. वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद व शोधक बुद्धी यांचा विकास करणे हे १९७६ पासून घटनेच्या ५१क कलमानुसार प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे.

म्हणून माझी विनंती एवढीच. आज घरी गेल्यावर मुलाला पुस्तक उघडावयास सांगा. धडा पाठ म्हणून घेऊ नका. त्याचा अर्थ विचारा. त्याला सांगता आला नाही, तर गुरुजींना भेटून तो पुन्हा शिकविण्याची विनंती करा. पुस्तकात धडाच नसेल, तर चार पालकांनी मिळून लेखी मागणी करा. केवळ मी सांगतो म्हणून मानू नका. तपासा, पटले तर स्वीकारा. आपण नीच जन्मलो नाही, हे आपल्या मुलाला नुसते ऐकून नव्हे, तर पुराव्यानिशी कळले पाहिजे.

जय भीम!