लाउंजचं कार्ड, गोल्फचा बॉल आणि बेलोऱ्याचं विमान

कोणी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये हेडफोन लावून बसलं असेल, कोणी रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये वरच्या बर्थवर आडवं असेल. आजचा विषय जरा श्रीमंत आहे. एअरपोर्ट लाउंज आणि गोल्फ कोर्स. हसू नका बाप्पा! तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या पाकिटात असं एखादं कार्ड आहे, ज्याच्या माहितीपत्रकात या दोन्ही गोष्टींपुढे "फ्री" लिहिलेलं असतं. माझ्याकडेही होतं. आज त्याचा हिशोब सांगतो, आणि एक घरची गोष्ट.

माझं गाव दर्यापूर तालुक्यातलं. शाळा अकोल्याला, बीटेक अमरावतीला, नोकरी पुण्याला. क्लायंटमुळे बंगळूर, हैदराबाद, दिल्ली अशा चकरा सुरू झाल्या आणि एका सीनियरनं सल्ला दिला, "एवढं फिरतोस, मग ट्रॅव्हल कार्ड घे." घेतलं.

आता ही लाउंजची भानगड नेमकी चालते कशी, ते आधी पाहू. लाउंज ही काही आजची गोष्ट नाही. अमेरिकन एअरलाइन्सनं 1939 मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर आपल्या खास लोकांसाठी ॲडमिरल्स क्लब उघडला, तिथून ही प्रथा पसरली. पुढे 1992 मध्ये प्रायॉरिटी पास आला. म्हणजे विमान कोणत्याही कंपनीचं असो, तिकीट साधं असो, पास दाखवा आणि आत जा. आपल्याकडे हे काम क्रेडिट कार्डानं, आणि कित्येक ठिकाणी डेबिट कार्डानंही केलं. तुम्ही दारात कार्ड स्वाइप करता, खात्री करायला एक-दोन रुपये कापले जातात, आणि तुम्हाला वाटतं, दोन रुपयांत पोटभर जेवलो. तसं नसतं. तुमच्या प्रत्येक भेटीचे पैसे बँक किंवा कार्डाचं नेटवर्क त्या लाउंजला देतं. गर्दी वाढली, बिल वाढलं, आणि मग बऱ्याच बँकांनी अट घातली: आधीच्या तिमाहीत अमुक इतका खर्च केला असेल, तरच या तिमाहीत लाउंज.

इथेच आपला गेम होतो. माझ्या कार्डाची अट होती तिमाहीला 50,000. सुरुवातीला मी सहज पूर्ण करायचो. मग मुद्दाम करायला लागलो. मित्रांची बिलं माझ्या कार्डावर, सोसायटीचा मेन्टेनन्स माझ्या कार्डावर. एका तिमाहीत आकडा पुरेना, तर मार्च संपता संपता फोन घेतला. जुना फोन चांगला चालू होता! बिल आलं तेव्हा खात्यात तेवढे पैसे नव्हते, म्हणून फक्त "मिनिमम ड्यू" भरला आणि 40,000 मागे ठेवले.

आता इंजिनिअरसारखं गणित करू. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाचे 42. 40,000 वर एका महिन्याचे 1,400. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, 252. झाले 1,652. हे एका महिन्याचं. मी दोन महिने ओढले. शिवाय बाकी मागे ठेवली की नव्या खरेदीवर मिळणारी बिनव्याजी मुदतही जाते, दुधाची पिशवी घेतली तरी त्या दिवसापासून व्याज. कार्डाची वार्षिक फी 2,500, जीएसटी धरून 2,950. आणि वर्षभरात मी लाउंजमध्ये गेलो किती वेळा? पाच. तिथे नसतो गेलो तर बाहेर चहा-सँडविचला फार तर 400 रुपये घातले असते. म्हणजे मला मिळालेला फायदा दोन हजारांचा. लाउंजच्या बोर्डावर दर कितीही लिहिलेला असो, फायदा मोजताना "मी खिशातून किती दिले असते" हेच धरायचं. मी ही एक्सेल शीट केली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, आणि झोप उडाली ती उडालीच.

गोल्फचंही ऐका. कार्डावर वर्षाला काही राउंड आणि काही लेसन फ्री होते. फुकट आहे म्हणून एका रविवारी पुण्याजवळच्या एका कोर्सवर गेलो. आधीच बुकिंग करावं लागतं. जीन्स चालत नाही, कॉलरवाला टी-शर्ट लागतो. कार्डातून सुटते ती ग्रीन फी, म्हणजे मैदानाचं भाडं किंवा शिकवणीची फी. कॅडीचे पैसे, काठ्यांचं भाडं, येण्याजाण्याची कॅब, हे आपलं आपण. लहानपणी गिल्ली-दांडू खेळलेल्या माणसाला वाटतं, जमेल. नाही जमत. गिल्ली निदान वर उडते तरी. माझा बॉल जागचा हललाच नाही, आणि मागे माती मात्र उडाली.

बाबांना फोनवर सांगितलं. अठरा होलच्या कोर्सला साधारण शंभर-दीडशे एकर जागा लागते, सगळीकडे हिरवं गवत. बाबांनी एकच विचारलं, "मंग तितक्या गवताले पाणी कुठचं?"

हा प्रश्न त्यांनाच सुचावा. आमचं गाव खारपाणपट्ट्यात येतं. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांतून हा पट्टा जातो. जमीन काळी, कसदार. पण खालचं पाणी खारं. विहीर खणली तरी ते पिकाला चालत नाही, प्यायलाही नाही. म्हणून आमच्याकडे पावसावरची शेती. आम्हाला चार एकर आहे. मी गोल्फवाल्यांना नावं ठेवत नाही, खेळ आहे, ज्याला आवडतो त्यानं खेळावा. मी फक्त "फ्री" म्हणून गेलो होतो, हे मला त्या फोनवर कळलं.

आता मुख्य गोष्ट. 16 एप्रिल 2025 ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं प्रवासी विमान सुरू झालं. उडान योजनेतलं, अलायन्स एअरचं एटीआर, पंखेवालं, सत्तरेक सीटचं. सुरुवातीला आठवड्यातून तीन दिवस. आपल्या भागासाठी ही केवढी गोष्ट होती, हे पुण्या-मुंबईत जन्मलेल्याला समजणार नाही. अकोल्याच्या शिवणीला तर 1943 पासून विमानतळ आहे, पण धावपट्टी वाढवायची तर पंजाबराव कृषी विद्यापीठाच्या जमिनीचा प्रश्न येतो, आणि तो वर्षानुवर्षं चर्चेतच आहे. दुसरीकडे, अमरावती-अकोला हायवेचा 75 किलोमीटरचा डांबरी थर जून 2022 मध्ये 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनीज रेकॉर्ड झाला. करायचं ठरलं की होते, असं बाबा या दोन्ही गोष्टींवर एकदमच म्हणतात.

बाबांची कंबर दुखत होती, मुंबईच्या डॉक्टरांना दाखवायचं होतं. रात्रीच्या ट्रॅव्हल्सचे हादरे त्यांना सोसणार नव्हते. म्हणून जाता-येता विमान काढलं. बाबांचा पहिला विमान प्रवास. पावणेदोन तासांत मुंबई. मी गेलो तेव्हा बेलोऱ्याला लाउंज-बिऊंज काही नव्हतं. मी बाबांना म्हटलं, "येताना मुंबईत पाहा. सोफ्यावर बसून जेवू, पैसे लागत नाहीत."

परतीच्या दिवशी आम्ही दुपारच्या विमानासाठी लवकर पोचलो. डोंबिवलीच्या आत्यानं डबा दिला होता, तो मी बॅगेत तळाला ढकलला होता. लाउंजच्या दारात कार्ड दिलं. मशीननं नाही म्हटलं. पुन्हा दिलं. पुन्हा नाही. काउंटरवरची मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, मागच्या तिमाहीची खर्चाची अट पूर्ण दिसत नाहीये." मी ॲप उघडलं. 46,200. अट 50,000. तीन हजार आठशे कमी. आणि पाहुण्याचे पैसे तर तसेही वेगळे लागणार होते, हे मी कधी वाचलंच नव्हतं. तीन वर्षं एकटाच जात होतो ना.

मागे रांग. मी म्हटलं, दोघांचे पैसे भरतो. बाबांनी माझा हात धरला. "काहून भरतं? आपल्याजोळ डबा हाये ना."

गेटजवळच्या खुर्च्यांवर बसलो. पोळी, झुणका, कांदा. शेजारी परतवाड्याचं एक जोडपं होतं, आमच्याच विमानाचं. दोन मिनिटांत तुरीच्या भावावर गोष्टी सुरू. त्यांच्या डब्यातला चिवडा आमच्याकडे आला. मी मान खाली घालून ॲपमध्येच शोधत होतो, चूक कोणाची ते.

तेवढ्यात बाबा सहज बोलल्यासारखे बोलले, "बाबू, ह्या वर्षात तू विमानात किती खेपा बसला?"

"असतील वीसेक."

"आन् घरी किती खेपा आला?"

दोन. पोळ्याला नाही, महालक्ष्म्यांना नाही. दिवाळी आणि एक लग्न. मी बोललो नाही. त्यांनीही पुढे ताणलं नाही, डबा पुसून बॅगेत ठेवला आणि म्हणाले, "पाय मोकळे करून येतो."

मंडळी, मी ते कार्ड बंद केलं. सगळ्यांनी करा असं म्हणत नाही. तुमचा रोजचा खर्चच अटीइतका असेल, बिल दर महिन्याला पूर्ण भरत असाल, आणि विमान खरंच वारंवार लागत असेल, तर जरूर ठेवा, मजेत वापरा. फक्त चार गोष्टी बघा. अट मागच्या तिमाहीची आहे का? सोबतचा माणूस फ्री आहे का? वर्षाला किती भेटी आणि तिमाहीला किती? आणि फी जीएसटीसकट किती? लाउंजसाठी खर्च वाढवावा लागत असेल, तर ते लाउंज महाग आहे. आणि मिनिमम ड्यू हे बटण तुमच्यासाठी नाहीच असं समजा.

कार्डाची फी वाचली, 2,950. त्यात दिवाळीच्या गर्दीचे दिवस सोडले तर पुण्याहून घरी जायचं-यायचं ट्रॅव्हल्सचं तिकीट होऊन जातं. यंदा पोळ्याला गेलो होतो. बाबांची कंबर आता बरी आहे. त्यांनी परतवाड्याच्या त्या काकांचा नंबर घेऊन ठेवला होता, दोघांचं आठवड्यातून एकदा तरी बोलणं होतं, तुरीवरच.

चला, आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या पाकिटात असं कोणतं "फ्री" पडून आहे, आज रात्री एकदा काढून पाहा. आणि घरी फोन करा. भेटू पुढच्या भागात!