चाळणीची पारख



मी डॉक्टर नव्हे. सातवीनंतर शाळा सुटली. पुढचे वाचन विडी कामगारांच्या युनियन कचेरीतल्या बाकावर झाले. लहान मुलांच्या वाढीच्या तपासणीवर हा गृहस्थ काय बोलणार, असे आपल्याला वाटेल. पण तपासणीचे भांडण आम्हाला जुने आहे. विड्या जमा करून घेणारा तपासनीस दोन प्रकारे चुकतो. चांगली विडी खराब म्हणून बाजूला काढतो, किंवा खराब विडी चांगली म्हणून घेतो. पहिल्या चुकीत बाईची मजुरी बुडते, दुसरीत मालकाचे नुकसान. म्हणून आमचा पहिला प्रश्न असतो: बाबा रे, तू कोणत्या बाजूला जास्त चुकतोस? मुलांच्या चाचणीलाही हाच प्रश्न विचारायचा असतो.

तो आम्ही विचारला नाही, त्याची हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी युनियनच्या कचेरीत आम्ही बालतपासणीचे शिबिर भरवले. कुणीतरी छापील तक्ता आणून दिला. तो कोठे तयार झाला, कोणत्या मुलांवर पडताळून पाहिला, याची कुणी चौकशी केली नाही. त्यात बसणे, उभे राहणे, चालणे होते. ऐकण्याबोलण्याचे नाव नव्हते. दीड वर्षाचे एक पोर काहीच बोलत नव्हते, पण चालत होते. 'ठीक' असा शेरा पडला. त्याच्या आईने शंका बोलून दाखवली होती. छापील कागदापुढे तिचे काय चालणार! चौथ्या वर्षी कळले की पोराला ऐकूच येत नव्हते. भाषा शिकण्याची वर्षे हातची गेली. तो शेरा माझ्या अक्षरात आहे.

त्यानंतर मी या विषयावर वाचू लागलो. तिरुवनंतपुरमच्या बालविकास केंद्रात डॉ. एम. के. सी. नायर आणि सहकाऱ्यांनी केलेला तक्ता १९९१ साली प्रसिद्ध झाला. दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी अवघ्या १७ बाबी. मुलाच्या वयावर पेन्सिल उभी धरायची. तिच्या डावीकडची एखादी बाब मुलाला येत नसेल, तर त्याला पुढच्या तपासणीला पाठवायचे. त्यात आधाराने जिना चढणे आहे, बाहुलीचे अवयव दाखवणे आहे. आमच्या वस्तीत पत्र्याची एक खोली. जिना नाही, बाहुली नाही. तेव्हा मुलाला येत नाही, की कधी करायलाच मिळाले नाही, हे आईला विचारले पाहिजे.

मला आवडली ती त्या मंडळींची सचोटी. तक्ता किती चुकतो, हेही त्यांनी छापले. अमेरिकेतल्या डेन्व्हर चाचणीशी ताडून पाहता, मागे पडलेल्या शंभरांपैकी सुमारे ६७ मुले त्याने धरली आणि धड असलेल्या शंभरांपैकी सुमारे ७९ मुलांना धड म्हटले.

आता हिशेब करा. समजा, हजार मुलांत ५० खरोखर मागे आहेत. तक्ता त्यांतली ३३ धरील, १७ सुटतील. उरलेल्या ९५० पैकी जवळजवळ २०० मात्र उगीच धरली जातील. म्हणजे धरलेल्या दर सात मुलांत खरे मागे पडलेले एकच. म्हणून कुणी एवढ्यावरून पोराला 'मंद' म्हणू लागला, तर त्याला तिथेच थांबवा. आणि 'ठीक' म्हटलेल्यांतच ती १७ बसलेली असतात. आईची शंका असेल तर पुन्हा तपासा, कान तर आधी.

विडीत एक चूक मजुराच्या माथी, दुसरी मालकाच्या. इथे दोन्ही एकाच घरावर येतात. तरी त्या सारख्या नाहीत. उगीच धरलेल्याच्या आईची झोप जाते, मजुरी बुडते. सुटलेल्या मुलाची वर्षे जातात. म्हणून थोडी जास्त मुले धरणारी चाचणी मी पत्करीन, पण दुसरी तपासणी लवकर होत असेल तरच.

सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघरहून सुरू झाला. वाढीतला उशीर त्यात धरला आहे, पुढच्या तपासणीसाठी जिल्हा केंद्रांची योजना आहे. पण जिल्ह्याला जायचे म्हणजे एसटीचे भाडे आले, दिवस मोडला. आमच्या कार्यकारिणीत मी ठराव मांडला, की अशा बाईला त्या दिवसाची मजुरी आणि भाडे युनियनने द्यावे. ठराव एकमताने मंजूर झाला. निधी अजून जमायचा आहे.