स्वर्गीय प्रतिफळाचा हिशेब

कलबुर्गी जिल्ह्याच्या अफजलपूर तालुक्यात, भीमा आणि अमरजा या नद्यांच्या संगमाजवळ गाणगापूर आहे. मुलूख कानडी, पण तेथे येणाऱ्या यात्रेकरूंत मराठी बोलणारे पुष्कळ, आणि ज्या ग्रंथाने या स्थानाचे माहात्म्य घरोघरी पोचविले तो 'गुरुचरित्र' हा ग्रंथही मराठीच. तेथे दुपारी बाराच्या सुमारास एक दृश्य दिसते. खाऊनपिऊन सुखी असलेली माणसे हाती झोळी घेऊन पाच घरी माधुकरी मागतात, आणि दुसरे भाविक तितक्याच श्रद्धेने ती वाढीत असतात. श्रीनृसिंहसरस्वती दररोज मध्यान्ही येथे भिक्षेस येतात आणि ते कोणत्या रूपाने येतील याचा नेम नाही, अशी तेथील श्रद्धा आहे. म्हणून वाढणारा समोरच्या माणसाचे कपडे पाहत नाही. न जाणो, आलेला तोच असला तर!

ख्रिस्ती धर्मातील शाश्वत प्रतिफळाचा विचार सांगावयाचा आणि प्रारंभ गाणगापूरच्या दुपारपासून करावयाचा, हे काही श्रोत्यांना विचित्र वाटेल. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय ज्यांच्या वाचनात आला असेल त्यांना मात्र तसे वाटणार नाही. त्या अध्यायात प्रभू येशूने अंतिम न्यायाचे चित्र रेखाटले आहे. राजा सिंहासनावर बसला आहे. मेंढपाळ मेंढरे आणि शेरडे वेगळी करतो तशी त्याने माणसे उजवीकडे व डावीकडे वेगळी केली आहेत. उजवीकडच्यांना तो म्हणतो की, जगाच्या आरंभापासून तुमच्यासाठी सिद्ध केलेले राज्य आता घ्या. कारण मी भुकेला असता तुम्ही मला जेवू घातलेत, तान्हेला असता पाणी दिलेत, परका असता घरात घेतलेत, उघडा असता वस्त्र दिलेत, आजारी असता आणि तुरुंगात असता माझ्याकडे आलात. यावर ती माणसे आनंदाने पुढे सरसावत नाहीत. ती गोंधळतात. हे सारे आम्ही केव्हा केले, असे ती उलट विचारतात. तेव्हा त्यांना उत्तर मिळते की, अगदी लहानातल्या लहानासाठी जे केलेत ते माझ्यासाठीच केलेत.

दोन्ही ठिकाणी देव भुकेल्याच्या रूपाने दाराशी येतो. तरी एक फरक नोंदला पाहिजे. गाणगापूरचा भाविक, तो आला असेल या आशेने वाढतो. न्यायाच्या त्या दृष्टांतातील माणसांच्या ध्यानीमनीही तसे काही नव्हते. ज्यांना प्रतिफळ मिळाले त्यांनी त्याचा हिशेबच ठेवलेला नव्हता! स्वर्गीय प्रतिफळाविषयीच्या ख्रिस्ती शिकवणीचे मर्म या गोंधळलेल्या प्रश्नात जितके आहे तितके क्वचितच दुसरीकडे आढळते.

या शिकवणीवर एक जुना आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. स्वर्गाच्या आशेने जो भुकेल्याला अन्न देतो त्याने दान केले की व्यापार केला? महाराष्ट्रात या आक्षेपाला इतिहासाचीही धार आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मिशनांनी अनाथांना आसरा दिला. पंडिता रमाबाईंनी मध्यप्रांतातून व पुढे गुजरातेतून दुष्काळग्रस्त मुलींना आणून केडगावच्या मुक्तिसदनात ठेविले. त्या काळी अनेकांनी बोलून दाखविले की, हे अन्न नव्हे, हा धर्मांतराचा मोबदला आहे. मरणाच्या दारातून आणलेल्या मुलीपुढे ताट ठेवणाऱ्या बाईच्या मनात हिशेब होता असे म्हणणे अन्यायाचे आहे. परंतु धान्याच्या मापासोबत श्रद्धेचे माप जेथे कोठे मागितले गेले असेल, तेथे तो दोष शुभवर्तमानाच्याच कसोटीने दोष ठरतो. डोंगरावरील प्रवचनात येशूने स्पष्ट बजावले आहे की, लोकांनी पाहावे म्हणून जे कर्णा वाजवून दान करतात त्यांना त्यांचा मोबदला मिळून चुकलेला असतो. उजवा हात काय देतो हे डाव्या हातालाही कळू नये. म्हणजे प्रतिफळाचे वचन आणि प्रतिफळावर डोळा ठेवण्याची मनाई, ही दोन्ही एकाच प्रवचनात आहेत.

यात विसंगती आहे काय? उत्तरासाठी द्राक्षमळ्याच्या दृष्टांताकडे वळावे लागते. सोलापूर जिल्ह्यातील श्रोत्यांना द्राक्षाचा मळा आणि रोजंदारी, दोन्ही परिचयाची आहेत. मळ्याचा धनी पहाटेच चौकात जातो आणि एक दिनार रोज ठरवून मजूर आणतो. पुन्हा नऊ वाजता जातो, बाराला जातो, तीनला जातो. पाचाच्या सुमारास गेला तरी काही जण उभेच. "दिवसभर येथे रिकामे का?" तर म्हणाले, कोणी कामावर घेतलेच नाही. त्यांनाही तो मळ्यात पाठवितो. दिवस मावळल्यावर मुकादम मजुरी वाटू लागतो, तीही शेवटच्यापासून; आणि तासभर राबलेल्याच्या हातावर पुरा दिनार पडतो. पहाटेपासून उन्हात राबलेल्यांची आशा वाढते. पण त्यांनाही एकच दिनार. ते कुरकुरतात. कोणीही कुरकुरला असता. खरे सांगावयाचे तर आपल्यापैकी बहुतेकांची सहानुभूती त्यांच्याच बाजूला असते. कोणत्याही कामगार संघटनेने त्यांची बाजू घेतली असती!

या दृष्टांतात मजुरीसाठी जो ग्रीक शब्द आला आहे, तोच शब्द मत्तयाने स्वर्गातील प्रतिफळासाठीही योजिला आहे. मराठी भाषांतरात एके ठिकाणी मजुरी आणि दुसरीकडे प्रतिफळ असे दोन शब्द दिसत असल्यामुळे हे सहसा ध्यानात येत नाही. दृष्टांत मजुरीच्या शब्दाने सुरू होतो आणि मजुरीचे गणितच मोडून टाकतो. संध्याकाळी जे हाती पडले ते श्रमाच्या प्रमाणात नव्हते, धन्याच्या औदार्याच्या प्रमाणात होते. पौलानेही रोमकरांस लिहिलेल्या पत्रात हाच भेद केला आहे. पापाच्या बाबतीत तो वेतनाची भाषा करतो. पण अनंत जीवनाची गोष्ट निघताच तो तो शब्द टाकून देतो आणि देणगी म्हणतो. क्रुसावर टांगलेल्या अपराध्याला येशूने त्याच दिवशीच्या सुखलोकाचे वचन दिले. त्या माणसाने मळ्यात घटकाभरदेखील काम केलेले नव्हते.

मग सत्कर्मांना किंमत काय? यावरून सोळाव्या शतकात युरोपातील ख्रिस्ती जग दुभंगले. मार्टिन ल्यूथरने श्रद्धेवर सारा भर दिला. १५४७ च्या जानेवारीत ट्रेंटच्या धर्मसभेने कॅथलिक भूमिका मांडली की, शाश्वत जीवन ही कृपेने दिलेली देणगी आहे आणि सत्कर्मांचे प्रतिफळही आहे. मात्र ती सत्कर्मेही देवाच्या कृपेवाचून घडत नाहीत. बापाने मुलाच्या हाती पैसे द्यावेत, मुलाने त्यातूनच बापासाठी काही आणावे आणि बापाने त्याचे कौतुक करावे, असा हा प्रकार. मुलाचे आणणे खोटे नाही आणि बापाचे कौतुकही खोटे नाही. पण त्यात देणेघेणे कोणाचे कोणाकडे, हे कोणी मांडून दाखवावे? चार शतकांहून अधिक काळ चाललेल्या या वादात ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथलिक व ल्यूथरपंथीय यांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या आणि मूळ मुद्द्यावर दोघांचे एकमत असल्याचे मान्य केले.

पंडितांचे वाद बाजूला ठेवून एका मराठी माणसाचे उदाहरण पाहावे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने नारायण वामन टिळकांना नव्या कराराची प्रत दिली. डोंगरावरील प्रवचन वाचून टिळक हलले आणि १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत काय पडली हे लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त महाराष्ट्राने वाचले आहे. घर मोडले, पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली, आप्तेष्ट दुरावले. पुढे अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी दीर्घकाळ काम केले. आणि १९१७ साली, आयुष्याच्या उतारावर, ते मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले, संन्यस्त वृत्तीने राहू लागले आणि 'देवाचा दरबार' त्यांनी सुरू केला. धर्मकार्याचे वेतन त्यांना खुपू लागले होते असे म्हटले तर ते चुकीचे ठरणार नाही. दोनच वर्षांनी, १९१९ च्या मे महिन्यात त्यांचे निधन झाले.

प्रतिफळ मिळते ते कसे, हे झाले. ते आहे काय, हा प्रश्न मराठीत आणखी अवघड होतो. कारण 'स्वर्ग' हा शब्द आपल्या कानाला निराळेच काही सांगतो. आपल्या परंपरेतील स्वर्गात पुण्य खर्ची पडते. ते सरले की जीवाला मृत्युलोकी परतावे लागते, असे गीताही सांगते. ख्रिस्ती शिकवणीतील स्वर्गातून परतणे नाही, कारण तेथे सरणारे असे काही नाही. १५७९ साली गोव्यास आलेला इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स याच्यापुढे ही अडचण प्रथम उभी राहिली. त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली साष्टीतील राशोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. त्यात स्वर्गासाठी त्याने 'वैकुंठ' हा शब्द मोकळेपणाने वापरला. या शब्दाचा एक मोठा गुण असा की, वैकुंठाला गेलेला परतत नाही हे मराठी श्रोत्याला सांगावे लागत नाही. तीन शतकांनंतर पंडिता रमाबाईंनी बायबलचे भाषांतर केले तेव्हा संस्कृतप्रचुर शब्द दूर ठेवून सोप्या मराठीची वाट धरली. वाटा दोन, अडचण तीच.

पण मराठी श्रोत्यापाशी या विषयाचे एक मोठे भांडवल आधीच आहे. वारकरी संतांनी मुक्तीसुद्धा नाकारली आणि देवाचे नाम व संतांचा सहवास तेवढा मागितला. ज्याला हे कळले त्याला संत थॉमस अक्वायनसची गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. नेपल्सच्या मठात प्रार्थना करीत असता क्रुसावरील ख्रिस्ताने त्याला विचारले की, माझ्याविषयी तू चांगले लिहिलेस, काय बक्षीस हवे? आणि त्याने सांगितले की, प्रभो, तुझ्यावाचून दुसरे काही नको. ही कथा त्याच्या जुन्या चरित्रात आहे. ख्रिस्ती शास्त्रात प्रतिफळ याचा अंतिम अर्थ हाच: देणारा स्वतःलाच देतो. सोन्याचे रस्ते आणि मोत्यांच्या वेशी ही योहानाच्या प्रकटीकरणातील चित्रे आहेत आणि चित्रे म्हणूनच ती वाचावी. भेद उरतो तो पुनर्जन्माचा. संत पुन्हा जन्म मागतो; ख्रिस्ती श्रद्धेत जन्म एकदाच, आणि शेवटी याच देहाचे पुनरुत्थान. ज्या हातांनी पाणी पाजले ते हातही त्या जीवनात आहेत, असा त्याचा सरळ अर्थ.

कलबुर्गी परिसरासाठी स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत २००५ साली स्थापन झाला. या सरहद्दीवरील जिल्ह्यांत ख्रिस्ती कुटुंबे थोडी आणि विखुरलेली. ती कुटुंबे ज्यांच्या शेजारी राहतात त्यांतले कोणी गाणगापूरला जाणारे, कोणी पंढरीचे वारकरी, तर कोणी कलबुर्गीच्या ख्वाजा बंदेनवाजांच्या दर्ग्यावर चादर चढविणारे. अशा घरातील मूल धर्मशिक्षणाच्या वर्गातून येऊन कधीतरी विचारतेच की, शेजारच्या आजी स्वर्गात येतील का? मुलाचा हा प्रश्न धर्मपंडितांनाही चुकलेला नाही. पूर्वी त्याला कठोर उत्तरे दिली गेली. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने नोव्हेंबर १९६४ मध्ये सांगितले की, आपला दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान ठाऊक झाले नाही, परंतु जे प्रांजळ मनाने देवाचा शोध घेतात आणि सदसद्विवेकाला जाणवणाऱ्या त्याच्या इच्छेप्रमाणे त्याच्या कृपेने वागतात, त्यांनाही शाश्वत तारण लाभू शकते. हे तारण ख्रिस्ताकडूनच येते, ही श्रद्धा चर्चने सोडली नाही. ते कोणाच्या दारापर्यंत पोचते याची सीमा मात्र माणसाने आखू नये, एवढे तिने मान्य केले.

असा पालक मुलाला पुन्हा त्या पंचविसाव्या अध्यायाकडेच नेऊ शकतो. तेथे राजाने उजवीकडच्या कोणालाही, तू कोणत्या मंदिरात जात होतास, असे विचारलेले नाही. ताटाविषयी विचारले, पाण्याच्या तांब्याविषयी विचारले. आणि शेजारच्या आजी तर दर दुपारी बाराला भाकरी घेऊन उंबऱ्याशी उभ्या असतात.